आईवडिलांसाठी वृद्धाश्रम : निर्णय, खर्च आणि कायद्याचा आधार

शेतीची वाटणी झाली की पुष्कळ घरांत आईवडिलांचीही वाटणी होते. थोरल्याकडे चार महिने, मधल्याकडे चार महिने, धाकट्याकडे चार महिने अशी पाळी लागते. क्वचित आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे, अशीही विभागणी केली जाते. भावांपैकी कोणी नोकरीनिमित्त पुण्यास किंवा सुरतेस असला, तर त्याच्या पाळीचे महिने पैशाच्या रूपाने गावी येतात. ही व्यवस्था वाईटच असते असे नाही. आईवडील हिंडतेफिरते आहेत, स्वतःचे स्वतः करू शकतात, तोवर ती रडतखडत का होईना चालते. परंतु वडील न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडते, आईला अर्धांगवायूचा झटका येतो, किंवा स्मृतिभ्रंशामुळे ती रात्रीअपरात्री घराबाहेर पडू लागते, तेव्हा पाळीचे गणित एका दिवसात कोलमडते. उचलून बसवणे, अंग पुसणे, कूस पालटणे ही कामे दिवसातून दहा वेळा करावी लागतात आणि ती करणारी सून वा मुलगी स्वतःच पन्नाशी ओलांडलेली असते. मग रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस उजाडतो आणि त्या दिवशी वृद्धाश्रमाचा शोध सुरू होतो.

शोध नेमका त्या दिवशी सुरू व्हावा, ही या प्रश्नातील खरी अडचण होय. वृद्धाश्रमांपैकी पुष्कळांचे दार चालत्याफिरत्या वृद्धांसाठी उघडे असते; आणि कुटुंबाला जागा हवी असते ती अंथरुणास खिळलेल्या माणसासाठी. ही विसंगती ज्यांच्या वेळीच ध्यानात येते, त्यांना पुढील पैशाचा व कायद्याचा प्रश्न बराच सोपा जातो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. देशाचे त्या वेळचे प्रमाण ८.६ टक्के होते. म्हणजे आपले राज्य या बाबतीत देशाच्या पुढे आहे. त्यानंतरच्या काळात ही संख्या वाढलीच आहे, आणि तिच्याबरोबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, शाळेत, तहसिलीत येऊन "आईला कोठे ठेवता येईल?" असे दबक्या आवाजात विचारणारेही वाढले आहेत. उत्तर देणाऱ्यास आश्रमांचे प्रकार, खर्चाचा हिशेब आणि कायद्याची किमान माहिती असावयास हवी.

आश्रम कोणत्या प्रकारचा?

वृद्धाश्रम ही कल्पना आपल्याकडे अलीकडे परदेशातून आली, असे समजले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. पुण्यातील ‘निवारा’ ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ मध्ये उभी राहिली आणि आजही वृद्धांचा सांभाळ करीत आहे. अशा संस्थांत पूर्वी येत असत ते मुख्यतः निराधार. आज मुले असलेले, किंबहुना मुलांनी स्वतः आणून सोडलेले वृद्धही तेथे येतात. बदल झाला आहे तो या बाबतीत.

राज्यात आज साधारणतः तीन प्रकारच्या संस्था आढळतात. पहिला प्रकार शासनाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालविलेल्या आश्रमांचा. निराधार व गरजू वृद्धांसाठी ही योजना १९६३ पासून चालत आली असून, तीत पुरुषांसाठी ६० वर्षे आणि स्त्रियांसाठी ५५ वर्षे अशी वयाची अट आहे. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. तिच्या आखणीत निम्म्या जागा अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना विनामूल्य आणि उरलेल्या निम्म्या माफक शुल्कावर, अशी विभागणी करण्यात आली होती. केंद्र शासनाच्या अटल वयो अभ्युदय योजनेतूनही किमान २५ निराधार वृद्धांचा सांभाळ करणाऱ्या आश्रमांना साहाय्य मिळते. आपल्या जिल्ह्यात अनुदानित आश्रम कोठे आहे व तेथे जागा रिकामी आहे काय, याची चौकशी जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावी. या जागा गरजेच्या मानाने अपुऱ्या आहेत, हे मान्य करावयास हवे.

दुसरा प्रकार धर्मादाय न्यासांनी शुल्क घेऊन चालविलेल्या आश्रमांचा. मध्यमवर्गीय कुटुंबे बहुधा येथेच येतात. तिसरा प्रकार शहरांच्या आसपास गेल्या काही वर्षांत निघालेल्या खाजगी शुश्रूषा केंद्रांचा. यांतील काही केंद्रे चांगली आहेत. काही मात्र बंगल्याच्या दोन खोल्यांत आठ खाटा टाकून चालविली जातात. तेथे रात्री एकच मदतनीस असतो आणि तोही झोपलेला असतो.

‘चालतेफिरते असावेत’ ही अट

प्रवेशअर्जाच्या मागील पानावर बारीक टाइपात अटी छापलेल्या असतात. त्यांत "प्रवेशेच्छू व्यक्ती स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करण्यास समर्थ असावी" अशा अर्थाचे एक वाक्य असते. पुष्कळदा त्याच्या खाली दुसरे वाक्य असते. व्यक्ती तशी समर्थ न राहिल्यास नातेवाइकांनी तिला घरी घेऊन जावे, हा त्याचा आशय. पहिले वाक्य सर्वजण वाचतात, दुसऱ्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. आज ७२ वर्षांची असलेली आई या आश्रमात सुखाने राहील. पण ८१ व्या वर्षी तिचे पाय गेले की तिला परत न्यावे लागेल. म्हणजे ज्या दिवसासाठी जागा शोधली, त्याच दिवशी ती जागा हातची जाणार.

आश्रमाच्या चालकांना यासाठी सर्वस्वी दोष देता येत नाही. अंथरुणास खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाही तर पाठीला जखमा पडतात. लघवीची नळी, नाकातून अन्नाची नळी यांसाठी शिकलेली परिचारिका लागते. ठराविक शुल्कात किंवा अनुदानात हे मनुष्यबळ बसत नाही. म्हणून हा प्रश्न भिडेखातर टाळू नये. प्रवेशापूर्वीच तो सरळ विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. अंथरुणास खिळल्यावर ठेवता काय? ठेवत असाल तर वेगळ्या कक्षात की त्याच खोलीत? त्या वेळचे शुल्क किती? परत न्यावे लागले तर सूचना किती दिवस आधी देणार? या चार प्रश्नांची उत्तरे ज्या संस्थेत मोकळेपणी मिळतात, तेथे उरलेल्या गोष्टीही बहुधा ठीक असतात, असे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना दिसून येते.

बाकी चौकशी करावयाची ती प्रत्यक्ष जाऊन, आणि शक्यतो न कळविता. रात्री कामावर किती माणसे असतात, शौचालयात धरावयास दांडी आहे काय, तेथील वृद्धांची नखे कापलेली आहेत काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. भिंतीवरील देणगीदारांच्या नावांवरून काहीच कळत नाही. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, रुग्णालयात हलविण्याची वेळ आल्यास खर्च कोणी करावयाचा व उशाशी कोणी बसावयाचे, अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी, या गोष्टी कागदावर असाव्यात. आयुष्यभराच्या निवासासाठी एकरकमी मोठी रक्कम मागणाऱ्या संस्थेबाबत विशेष सावध राहावे. संस्था बंद पडली तर ती रक्कम परत मिळविणे किती कठीण असते, हे सांगावयास नको.

संमती कोणाची?

मुले आपसांत ठरवितात, पैशाची जुळवाजुळव करतात, आणि आईला "चार दिवस हवापालटाला जाऊ" म्हणून आश्रमात नेऊन सोडतात, असे प्रकार घडतात. ज्या व्यक्तीची बुद्धी शाबूत आहे, तिला तिच्या इच्छेविरुद्ध कोठेही ठेवण्याचा अधिकार मुलांना नाही. चांगल्या संस्था वृद्ध व्यक्तीशी एकांतात बोलल्याखेरीज प्रवेश देत नाहीत, ते योग्यच आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही फसवून केलेला प्रवेश टिकत नाही. महिना-दोन महिने राहून पाहण्याची सोय असेल तर ती घ्यावी, आणि गावातील घर लगेच मोडू नये. परत जाण्यास घर आहे एवढ्या खात्रीवरच काही वृद्ध आश्रमात रुळतात.

शिवाय कोठेतरी नेऊन सोडून देणे आणि आश्रमात रीतसर ठेवणे यांत कायद्याने फरक केला आहे. ज्येष्ठ नागरिकाची देखभाल ज्याच्याकडे आहे, त्याने तिला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठे सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

खर्चाचा हिशेब

या विषयात सर्वांत मोठी चूक होते ती आजच्या शुल्कावर हिशेब मांडण्यात. उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. आई ७४ वर्षांची, दरमहा ९,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन, जमिनीच्या खंडाचे सरासरी २,००० रुपये. आश्रमाचे शुल्क १५,००० आणि औषधे, डायपर वगैरेंचे ३,००० असे एकंदर १८,००० रुपये लागतात असे धरू. तूट ७,००० रुपयांची. तीन भावंडांनी आपापल्या मिळकतीप्रमाणे ३,५००, २,००० आणि १,५०० रुपये द्यावयाचे ठरविले. हिशेब बसला.

आता हेच नऊ वर्षांनी पाहू. खर्च दरसाल ८ टक्क्यांनी वाढत गेला तर नऊ वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे ३६,००० रुपये. निवृत्तिवेतन महागाई भत्त्यासह दरसाल ५ टक्क्यांनी वाढले असे धरले तर ते सुमारे १४,००० रुपयांवर जाते. खंड ३,००० रुपये झाला असे समजू. तूट १९,००० रुपये. खर्च दुप्पट झाला, पण मुलांच्या वाट्याचा भार जवळजवळ पावणेतीन पट झाला. त्या वेळी थोरला भाऊ कदाचित स्वतः सेवानिवृत्त असेल. अंथरुणास खिळल्यामुळे वाढणारे शुल्क तर या हिशेबात धरलेलेच नाही.

म्हणून पहिल्या काही वर्षांत, जेव्हा तूट कमी असते, तेव्हा भावंडांनी तुटीहून थोडी अधिक रक्कम काढून आईच्या नावे वेगळी ठेवणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग ठरतो. वडिलांच्या सेवानिवृत्तीची किंवा जमीन विकून आलेली रक्कम हाती असेल, तर टपाल खात्यातील व बँकांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठ वर्षांवरील व्यक्तीस ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी ठेवता येते व व्याज दर तिमाहीस हाती पडते. व्याजाचा दर शासन वेळोवेळी ठरविते. ठेव ठेवतानाचा दर पुढील पाच वर्षे कायम राहतो. ही ठेव आईच्या किंवा वडिलांच्याच नावे असावी. मुलाच्या नावे ठेवलेले पैसे मुलाच्या अडचणीत खर्च होतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

स्वतःचे घर असलेल्या वृद्धांसाठी २००७ पासून उलट तारण कर्जाची सोय उपलब्ध झाली. घर बँकेकडे तारण ठेवावयाचे व बँकेने दरमहा ठराविक रक्कम द्यावयाची, अशी ही योजना. ती आश्रमाच्या शुल्कासाठी उपयोगी पडेल असे वाटते. परंतु येथे एक मेख आहे. कर्जदार त्या घरात राहत असेल तोवरच हे कर्ज चालते. तो घर सोडून कायमचा आश्रमात गेला की कर्जाची फेड देय होते. घरी राहून मदतनीस ठेवण्यासाठी ही योजना ठीक आहे, आश्रमासाठी नाही. त्यापेक्षा शहरातील घर भाड्याने देऊन भाडे आश्रमाकडे वळविणे सोपे. मात्र लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असावा आणि भाडे आईवडिलांच्याच खात्यात जमा व्हावे. खेड्यातील घराला भाडे येत नाही, तेथे हा उपाय लागू नाही.

शासकीय साहाय्य कोठवर पुरते?

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षांवरील गरजू व्यक्तीस, इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा धरून, दरमहा १,५०० रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम १,००० रुपये होती. २०२३ मध्ये ती वाढविण्यात आली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे आणि अर्जदार किमान १५ वर्षे राज्याचा रहिवासी असावा, या अटी आहेत. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेकडे करावा. उत्पन्नाची ही मर्यादा पाहता, कमावत्या मुलाच्या कुटुंबात मोडणाऱ्या वृद्धाला त्याचा लाभ मिळणे कठीण, मग तो मुलगा प्रत्यक्षात एक पैसाही देत नसो. अशा वृद्धाचा मार्ग पुढे सांगितलेल्या कायद्यातून जातो.

सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. आश्रमाचे शुल्क किंवा घरच्या मदतनिसाचा पगार त्यातून निघत नाही. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात, हेही लक्षात असावे. आश्रमातील वृद्धाला रुग्णालयात हलविताना उत्पन्नाचा दाखला जवळ असला तर हजारो रुपये वाचतात. तो आधीच काढून आश्रमाच्या कार्यालयात ठेवावा.

मुलांची जबाबदारी

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम संसदेने २००७ मध्ये संमत केला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू झाला व २०१० मध्ये राज्याचे नियम आले. स्वतःच्या मिळकतीतून किंवा मालमत्तेतून ज्यांचा चरितार्थ चालत नाही, असे आईवडील आपल्या सज्ञान मुलामुलींकडून आणि नातवंडांकडून निर्वाह भत्ता मागू शकतात. अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार या सर्वांचा निर्वाहात समावेश आहे. म्हणजे आश्रमात राहणाऱ्या आईला तेथील खर्चाचा आकडा अर्जात मांडता येतो. निपुत्रिक ज्येष्ठ नागरिकाला, त्याच्या मालमत्तेचा जो वारस होणार आहे किंवा ती ज्याच्या ताब्यात आहे, त्या नातेवाइकाकडे मागणी करता येते. वारस अनेक असतील तर ज्याला जितका हिस्सा मिळावयाचा, त्या प्रमाणात त्याच्यावर भार पडतो. ही तरतूद गावपातळीवर फारशी कोणास माहीत नसते.

‘मुलगी सासरी गेली, तिचा संबंध संपला’ हा समज या कायद्यापुढे टिकत नाही. विवाहित मुलीवरही वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेखालील एका प्रकरणात १९८७ मध्येच स्पष्ट केले होते. ते प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेले होते.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांत कार्यालयातील निर्वाह न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. आईवडील जेथे राहतात तेथे किंवा मूल जेथे राहते तेथे, दोन्हीकडे तो चालतो. स्वतः जाणे शक्य नसेल तर अधिकृत केलेल्या व्यक्तीने किंवा संस्थेने तो करावा. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. मूळ अधिनियमात वकिलाला स्थान ठेवलेले नाही. साध्या कागदावर आपली हकीकत व खर्च लिहिणे पुरेसे होते, आणि येथे शिक्षकांची मदत मोलाची ठरते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, व अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत, निर्णय व्हावा अशी तरतूद आहे. भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. ती काढून टाकणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. परंतु २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झाले. वर दिलेल्या हिशेबाशी ताडून पाहिले तर ही मर्यादा आज किती तोकडी पडते ते दिसते. अधिक रकमेची गरज असेल त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, कारण तेथे रकमेची मर्यादा नाही. दोन्ही मार्ग एकदम मात्र चोखाळता येत नाहीत. एक निवडावा लागतो.

आदेश होऊनही मुलाने पैसे दिले नाहीत तर वसुलीचे वॉरंट निघते आणि एक महिन्यापर्यंत कारावासही होऊ शकतो. तेथवर जाण्यास पुष्कळ आईबाप तयार नसतात. "पोराला तुरुंगात घालून मला काय सुख?" हा प्रश्न प्रांत कार्यालयांत वारंवार ऐकू येतो. म्हणूनच कायद्याने आधी समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण सोपविण्याची सोय ठेवली आहे. सरपंच, मुख्याध्यापक यांच्यासारख्या वजनदार माणसाच्या समोर तिघा भावंडांनी रक्कम ठरवून कागदावर सह्या केल्या, तर बहुतेक प्रकरणे प्रांत कार्यालयाची पायरी न चढता मिटतात.

नोकरदार मुलांच्या बाबतीत लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस वेगळाच मार्ग अवलंबिला. आईवडिलांचा सांभाळ न करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती आईवडिलांच्या खात्यात भरण्याचा ठराव तिने केला आणि २०२१ च्या आरंभी काही जणांच्या वेतनातून तशी कपात सुरूही झाली. त्यांत शिक्षकही होते. आसाम राज्याने तर २०१७ मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशा कपातीचा कायदा केला होता.

जमीन आधी, सांभाळ नंतर?

निर्वाहाच्या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एक बक्षीसपत्र असते. ‘तुझ्या नावावर करतो, तू आम्हाला सांभाळ’ असे तोंडी ठरते, नोंदणी होते, सातबारावर फेरफार होतो, आणि दोन वर्षांनी आईवडील रस्त्यावर येतात. अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली न गेल्यास, परत मिळू शकते. कायदा लागू झाल्यानंतर केलेल्या हस्तांतरणांनाच हे कलम लागते. अशी अट हस्तांतरणाला जोडलेली होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात म्हटले. जानेवारी २०२५ मधील निकालात या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा, असे सांगून मुलाला दिलेले बक्षीसपत्र न्यायालयाने रद्द ठरविले. तरी न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा अट दस्तातच लिहून घेणे केव्हाही बरे. त्याहून बरे म्हणजे मृत्युपत्र करणे. मालमत्ता हयातभर स्वतःकडे राहते, तिचे उत्पन्न आश्रमाच्या शुल्कास लावता येते, आणि मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. दुय्यम निबंधक कार्यालयात वृद्ध दात्याला घेऊन येणाऱ्या मुलांबरोबर गावातील एखादा जाणता माणूस असला, तर त्याने एवढे तरी दात्याच्या कानावर घालावे.

स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागली असतील तर ही कामे लांबणीवर टाकता येत नाहीत. मृत्युपत्रासाठी शुद्ध बुद्धी लागते. मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले की पुढची चिंता मिटली असे समजले जाते, पण ते देणाऱ्याचे मन अस्थिर झाले की मुखत्यारपत्र कायद्याने संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, त्या दिवशी ते निरुपयोगी ठरते. त्यानंतर पालक म्हणून नेमणूक मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागते, आणि मधल्या काळात आईच्या खात्यात पैसे असूनही आश्रमाचे शुल्क थकते. यासाठी बँक खाते वेळीच विश्वासू अपत्याबरोबर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीने संयुक्त करून, शुल्काची रक्कम दरमहा आश्रमाच्या खात्यात आपोआप वळती करण्याची स्थायी सूचना बँकेस द्यावी. निवृत्तिवेतनाचे खाते असेल तर त्यात दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. तो २०१४ पासून बोटाच्या ठशावर संगणकाद्वारे देता येतो. वृद्धांच्या झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवून तो देण्याचीही सोय आता झाली आहे. आश्रमातील वृद्धाचा हा दाखला कोणी द्यावयाचा, आश्रमाने की मुलाने, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरवून ठेवावे. अडचणीच्या प्रसंगी ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, रेशन दुकानाच्या भिंतीवर आणि शाळेच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यास खडूखेरीज दुसरा खर्च नाही.